फलक लावण्याआधी टोपली हलवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सायकलच्या आणि चालण्याच्या वाटेशेजारी डिस्क गोल्फ सुरू झाला, दोन-चार जणांनी तक्रार केली, की तिथे एक फलक येतो: 'सावधान, खेळ चालू आहे.' फलक लागला की सगळ्यांची जबाबदारी संपते. आमच्यातले काही रोज सायकल चालवतात, काही डिस्क फेकतात, थोडे जण दोन्ही करतात. आमचे म्हणणे असे, की त्या फलकाने आजवर एकही डिस्क अडलेली नाही. सायकल आणि डिस्क यांची गाठ बेशिस्तीपेक्षा आखणीमुळे पडते. फेकीची दिशा चुकलेली असेल तर काळजी घेणारा खेळाडू आणि सावकाश जाणारा सायकलस्वार यांचाही अपघात होतो. बडोद्यात हा खेळ अजून नवा आहे. सिमेंटमध्ये खांब रोवले गेले की ते कोणी हलवत नाही, म्हणून आताच लिहीत आहोत.

ज्यांनी खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हा गोल्फच, पण चेंडूऐवजी चकती आणि खड्ड्याऐवजी खांबावर बसवलेली साखळ्यांची टोपली. 'टी' नावाच्या ठरलेल्या जागेवरून पहिली फेक, डिस्क पडेल तिथून पुढची, आणि कमीत कमी फेकींत टोपली गाठायची. पहिले कायमचे मैदान १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये एड हेड्रिक यांनी आखले, आणि पुढच्याच वर्षी खेळाची संघटना निघाली. ते मैदानही सार्वजनिक बागेतच होते. त्यामुळे इतरांच्या वाटेत येण्याचा प्रश्न या खेळाला जन्मापासून चिकटलेला आहे. संघटनेच्या नियमावलीतही शिष्टाचाराच्या कलमात स्पष्ट लिहिले आहे, की डिस्कमुळे कोणाला इजा होण्याची शक्यता असेल तर खेळाडूने फेकू नये.

डिस्क म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांसमोर मुलांची मऊ, रुंद तबकडी येते. गोल्फची डिस्क तशी नसते. व्यास जेमतेम २१-२२ सेंटिमीटर, वजन साधारण १५० ते १७५ ग्रॅम, प्लॅस्टिक टणक, आणि लांब पल्ल्याच्या डिस्कची कडा पुढे निमुळती होत गेलेली. क्रिकेटचा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा असतो, म्हणजे वजन जवळपास तेच. सवय असलेल्या हौशी खेळाडूच्या हातातून डिस्क ताशी ७० ते ९० किलोमीटर वेगाने सुटते. एवढ्या वेगाचा कडक चेंडू तोंडावर आला तर काय होते, हे क्रिकेटच्या या शहराला सांगायला नको. डिस्कचा सगळा मार तर एका अरुंद कडेवर एकवटतो. त्यात सायकलस्वार समोरून येत असेल तर दोघांचे वेग एकमेकांत मिळतात. डिस्क ८० ची आणि सायकल २० ची धरली तर आघात १०० च्या वेगाचा होतो, आणि त्यातली ऊर्जा उभ्या माणसाला बसणाऱ्या माराच्या दीडपटीहून जास्त भरते. हेल्मेट कवटी झाकते. डोळे, दात, जबडा, कान आणि मान उघडेच राहतात, आणि बसलेल्या सायकलस्वाराचे तोंड नेमके डिस्क उडते त्याच उंचीवर असते.

उत्तरायणाच्या दिवसांत दुचाकीच्या हँडलवर तारेची कमान बसवायची सवय आपल्या शहराला लागली आहे, कारण दुसऱ्याच्या खेळातला मांजा आपल्या गळ्याशी येतो हे आपण पाहिलेले आहे. डिस्कसाठी अशी कमान नाही. इथे उपाय फेकणाऱ्याच्या बाजूनेच करावा लागतो.

अपघात नेमका कसा होतो? खेळाडू वाटेकडे पाहतो, वाट मोकळी दिसते, तो फेकतो. ८० मीटरच्या फेकीला डिस्क चार ते पाच सेकंद हवेत असते. तेवढ्या वेळात ताशी २० किलोमीटरने जाणारी सायकल २२ ते २८ मीटर पुढे येते. विजेवर चालणाऱ्या, ताशी २५ च्या सायकली आता वाढल्या आहेत, त्या जवळपास ३५ मीटर येतात. म्हणजे डिस्क जिथे वाट ओलांडणार तो बिंदू रिकामा आहे का हे पाहून काहीच कळत नाही. त्या बिंदूपासून दोन्ही बाजूंना ३५-३५ मीटर वाट रिकामी आहे का, हे पाहायला हवे. सायकलस्वारालाही ऐनवेळी थांबणे जमत नाही. ताशी २० च्या वेगात समोरचे उमगून हात ब्रेकवर जाईपर्यंत सहा-आठ मीटर जातात, त्यावर कोरड्या डांबरावर चार-पाच मीटर आणि सुट्या मुरमावर आणखी जास्त. घाबरून पुढचा ब्रेक एकदम दाबला तर डिस्क न लागताही माणूस पडतो. अशी पडझड 'डिस्क लागली' म्हणून कुठे नोंदली जात नाही, म्हणून तिच्याकडे कोणाचे लक्षही जात नाही.

यावर आम्हाला पटलेला सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे दोन खांब. जिथे फेकीची रेषा वाटेजवळून जाते तिथून अलीकडे आणि पलीकडे ३५ मीटरवर पांढरा-लाल पट्टा मारलेला छातीइतका खांब लावायचा. दोन्ही खांब टीवरून दिसले पाहिजेत. दोहोंच्या मध्ये कोणी असेल, सायकल, बाबागाडी, फिरायला आलेले आजोबा, तर फेक नाही. अंदाज नाही, 'जाईल तेवढ्यात' नाही. खांबांच्या मधली कुंपणाची झुडपे गुडघ्याच्या वर वाढू द्यायची नाहीत. पावसाळ्यात गाजरगवत आणि वेडी बाभूळ भराभर वाढते, तेव्हा जुलै ते ऑक्टोबर दर पंधरवड्याला छाटणी लागते. ती जमणार नसेल तर त्या चार महिन्यांत ते होल, म्हणजे टीपासून टोपलीपर्यंतचा तो टप्पा, बंद ठेवावे.

आता आखणी. इथे डिस्कचा स्वभाव समजून घ्यावा लागतो, कारण ती चेंडूसारखी सरळ जात नाही. उजव्या हाताने, पाठहाताने (बॅकहँड) फेकलेली डिस्क वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते आणि वेग उतरला की शेवटी डावीकडे कलते. डावखुऱ्याची उजवीकडे. उजव्या हाताने पुढून (फोरहँड) मारलेल्या फेकीचीही डावखुऱ्यासारखी उजवीकडेच. समोरून वारा असेल तर डिस्क आधी उलट्या बाजूला वळते आणि वर उचलली जाते. पाठीमागून वारा असेल तर लवकर खाली बसते आणि घसरत जाते. बडोद्यात मे-जूनमध्ये नैऋत्येचा वारा जोरात असतो, त्या दिवसांत डिसेंबरच्या शांत सकाळी बरोबर वाटलेली आखणी चुकीची ठरते. बहुतेक खेळाडू उजवे आणि पाठहाताने फेकणारे असल्यामुळे टोपलीच्या डाव्या अंगाला, शेवटच्या तिसऱ्या हिश्शात, वाट असणे हा नेहमीचा धोका. पण त्याहून मोठा धोका उजवीकडे असतो आणि तो टीपाशीच.

नवशिक्याच्या बोटांतून डिस्क सुटायला क्षणभर उशीर झाला की ती उजवीकडे जाते, पूर्ण वेगाने, काहीही सूचना न देता. २५-३० अंशांची चूक अगदी सहज होते, आणि ६० मीटरच्या फेकीत एवढ्या चुकीने डिस्क रेषेपासून २५ ते ३० मीटर बाजूला पोहोचते. थाळीफेकीच्या वर्तुळाभोवती पिंजरा असतो तो याच कारणासाठी. शाळेच्या मैदानावर थाळीला पिंजरा लागतो हे मान्य करणारे लोक बागेत डिस्कसाठी काहीच लागत नाही असे कसे मानतात, हे आम्हाला कळत नाही. उपाय तोच आहे, फक्त लहान. टीच्या उजवीकडे दोन-अडीच मीटरवर, टीच्या पुढच्या कडेपासून पुढे पाच मीटर लांब आणि तीन मीटर उंच, क्रिकेटच्या सरावाचे नायलॉनचे जाळे ताणून लावावे. हातातून सुटल्यावर पहिल्या काही मीटरांत डिस्क छातीच्या उंचीलाच असते. त्यामुळे २७-२८ अंशांपेक्षा जास्त चुकलेली फेक या छोट्या जाळ्यात अडकते. हेच जाळे वाटेच्या कडेला, टीपासून ४० मीटरवर लावले तर पन्नास मीटर लांब घेऊनही डिस्क वरून निघून जाते. पुष्कळ ठिकाणी पैसा नेमका तिथेच खर्च होतो. डावखुरे खेळाडू असतील तर डावीकडेही जाळे हवे. जाळे सैल झाले की डिस्क खालून सरकते, म्हणून खालची दोरी खुंट्यांना बांधावी.

वाटेची सर्वांत सुरक्षित जागा टीच्या पाठीमागे, दहा-बारा मीटर सोडून. सर्वांत वाईट जागा टोपलीच्या मागे. लोकांना ते उलटे वाटते, कारण टोपलीपाशी खेळ 'संपतो'. प्रत्यक्षात टोपली चुकलेली डिस्क पुढे जाते, आणि जमिनीवर कडेने पडली तर चाकासारखी घरंगळते. एप्रिल-मेमध्ये काळी माती दगडासारखी झालेली असते, तिच्यावर डिस्क आपटून दहा-पंधरा मीटर सहज उसळते. उतार वाटेकडे असेल तर घरंगळणारी डिस्क पेव्हर ब्लॉकवर येऊन थेट चाकांखाली जाते. टोपलीच्या मागे ३० मीटर मोकळे हवेत, उतार असल्यास त्याहून जास्त. तेवढी जागा नसेल तर टी आणि टोपली यांची अदलाबदल करावी. अर्ध्या तंट्यांचे उत्तर एवढेच असते, आणि त्यासाठी फलकही लागत नाही.

जिथे दिशा फिरवणे शक्य नाही तिथे खेळाचेच नियम वापरावेत. वाट आणि तिच्या पलीकडचा भाग हद्दीबाहेर, म्हणजे 'ओबी' ठरवला की तिथे पडलेल्या डिस्कला एका फेकीचा दंड लागतो. खेळाडू फलकाला भीत नाही, पण गुणपत्रिकेवरच्या वाढीव फेकीला भितो आणि आपणहून आतल्या बाजूने फेकतो. तसेच एखादे झाड 'मँडो' करायचे, म्हणजे डिस्क त्या झाडाच्या ठरलेल्या बाजूनेच गेली पाहिजे. बाणाची पाटी त्या झाडावर खिळ्याने ठोकू नये, दोरीने बांधावी. आणि वाटेपासून ३० मीटरच्या आतल्या होलवर फक्त 'पटर' वापरायचा. ही बोथट कडेची, हळू उडणारी डिस्क. होल ५० मीटरपेक्षा लहान ठेवायचे. वेग कमी झाला की चूकही आखूड पडते. अनुभवी खेळाडू याला नाके मुरडतील. त्यांनी लांब फेकीची हौस बंदिस्त मैदानात भागवावी.

सूर्याचा विचार फार कमी लोक करतात. सकाळी पूर्वेकडे आणि संध्याकाळी पश्चिमेकडे फेकणाऱ्याला समोरचा सायकलस्वार दिसतच नाही. होल शक्यतो उत्तर-दक्षिण आखावीत. जानेवारीत आपल्याकडे सूर्य सव्वासातनंतर उगवतो, पण फिरणारे आणि सायकलवाले सहापासून बाहेर असतात. १०० मीटरवरचा माणूस स्पष्ट दिसत नाही तोवर पहिली फेक नको. गडद हिरवी, तपकिरी, काळी डिस्क झाडीत दिसत नाही, नारिंगी किंवा गुलाबी घ्यावी. पावसाळ्यात ओले प्लॅस्टिक हातातून निसटते, तेव्हा पिशवीत दोन कोरडे पंचे ठेवावेत आणि प्रत्येक फेकीआधी कडा पुसावी.

फेकीखेरीजचा त्रासही आहे, आणि रोजचा आहे. चौघे खेळाडू वाटेवरच थांबून बोलतात, पिशव्या वाटेवर टेकवतात, झुडपात हरवलेली डिस्क शोधताना पाठमोरे मागे मागे येत थेट सायकलपुढे निघतात. पिशवी वाटेपासून दोन मीटर आत ठेवणे आणि झुडपातून बाहेर पडताना आधी मान वळवणे, एवढ्याने यातले बरेचसे थांबेल.

डिस्क चुकली की ओरडायचे असते. परदेशात 'फोर' म्हणतात. आपल्या बागेत त्याचा अर्थ कोणाला कळणार? एकच शब्द सगळ्यांनी ठरवावा, 'डिस्क!', मोठ्याने, लगेच, डिस्क कुठे जाते हे पाहत न बसता. मराठीतले 'सांभाळा' आणि गुजरातीतले 'साचवजो' चांगले शब्द आहेत, पण लांब आहेत आणि कशापासून सांभाळायचे ते सांगत नाहीत. सायकलस्वाराने ती हाक ऐकल्यावर आवाजाच्या दिशेने पाहू नये. तोंडावर लागते ते त्यामुळेच. हनुवटी छातीशी आणावी, दोन्ही हात हँडलवर ठेवावेत, मागचा ब्रेक आधी दाबावा, अचानक वळू नये. कानांत इअरफोन असतील तर यातले काहीच होणार नाही.

सायकलस्वारांची बाजू आम्ही घेतो आहोत असे कोणाला वाटू नये. सामायिक वाट ही सरावाची वाट नव्हे. खांबांच्या मध्ये वेग ताशी १५ च्या वर नको, जोडीने जाणे नको, आणि पहिल्या खांबापाशी घंटी वाजवायची. घंटीचा आवाज म्हणजे सायकल येते आहे हे खेळाडूलाही कळते. पहाटे पुढचा पांढरा आणि मागचा लाल दिवा लावायचा. वाटेवर पडलेली डिस्क उचलून कोणी घेऊन गेले, की खेळाडू पाठीमागे धावतात आणि भांडण तिथून सुरू होते. ती होती तिथेच राहू द्यावी, कारण पुढची फेक कुठून करायची ते तिच्यावरून ठरते.

फलक लावायचाच असेल तर त्याच्यावर 'सावधान' नको, बाण हवा. डिस्क कोणत्या बाजूने येते हे सायकलस्वाराला कळले तर तो त्या बाजूला कान देऊन पुढे जातो. फलक टोपलीपाशी नको, ३५ मीटर अलीकडे, गुजराती, हिंदी आणि मराठीत, सायकलवर बसलेल्या माणसाच्या नजरेच्या उंचीला.

जागेबद्दल आमचे मत स्पष्ट आहे. कमाटीबागेचे नाव कोणीतरी सुचवणारच. सयाजीरावांनी १८७९ मध्ये वसवलेली ११३ एकरांची बाग, तिचा एक कोपरा दिला तर काय बिघडले, असे म्हटले जाईल. पण ढोबळ हिशेबाने एका होलला एक एकर मोकळी जागा लागते, म्हणजे नऊ होलना नऊ एकर सलग. कमाटीबागेत संग्रहालय, प्राणिसंग्रहालय, मुलांची गाडी आणि सुट्टीच्या दिवशीची गर्दी सोडून तेवढी सलग, निर्मनुष्य जमीन उरत नाही. शिवाय बागेतून विश्वामित्री वाहते. बहुतेक डिस्क पाण्यात बुडतात, आणि हजार-दीड हजारांची डिस्क काढायला माणूस पाण्यात उतरतो. विश्वामित्रीत मगरी आहेत. नदीकाठी कुठेही हा खेळ आखू नये. तळ्याभोवतीच्या गोल वाटांचेही तेच, एकीकडे पाणी आणि दुसरीकडे वाट, आणि मधल्या पट्टीत डिस्कच्या चुकीला जागाच नाही. डभोईजवळचा वढवाणा तलाव तर २०२१ पासून रामसर यादीत आहे. तिथे पक्ष्यांच्या डोक्यावरून चकत्या उडवण्याचा विषयच नको. शाळा-महाविद्यालयांची कुंपण असलेली मैदाने, सुट्टीच्या सकाळी, या खेळाला सर्वांत योग्य. तिथे सायकलची वाट नाही, आणि फिरत्या टोपल्या खेळ संपला की उचलून नेता येतात.

इजा झालीच तर जखमेवर स्वच्छ कापड दहा मिनिटे न उचलता दाबून धरावे. दात निखळला तर मुळाला हात न लावता दुधात ठेवून तासाभरात दंतवैद्याकडे न्यावा. डोळ्याला मार लागला तर चोळू नये, दाबू नये. उलटी, गोंधळलेले बोलणे, झोप येणे यांतले काहीही दिसले तर वाट न पाहता १०८ ला फोन करावा. आपटलेले हेल्मेट बाहेरून ठीक दिसले तरी पुन्हा वापरू नये.

हुतूतूच्या नियमांना छापील रूप देण्यात आपल्या हिंदविजय जिमखान्याचा १९२३ साली मोठा वाटा होता. सामायिक वाटेच्या नियमांचे एक पान छापणे या शहराला जड नाही. पण त्याआधी एक चाचणी व्हावी. टोपली रोवायचे ठरेल त्या जागी वाट तासभर दोरीने बंद करून दहा जणांनी प्रत्येकी पाच फेकी कराव्यात. त्यांतले निम्मे नवशिके आणि दोघे तरी डावखुरे असावेत. पन्नास डिस्क जिथे थांबतील तिथे चुन्याची खूण करावी. सर्वांत बाहेरच्या खुणेपासून आणखी दहा मीटर मोजून तिथे रेषा ओढावी. वाट त्या रेषेच्या आत येत असेल तर टोपली हलवावी. हीच चाचणी एकदा मे महिन्याच्या कडक जमिनीवर आणि एकदा पावसात व्हायला हवी, कारण दोन्ही वेळच्या खुणा सारख्या येत नाहीत. मोजपट्टी, दोरी, चुना आणि फेकणारे हात आम्ही आणू. उद्यान विभागाने एक रविवार आणि एक माळी द्यावा.

कळावे,
आपले नम्र,
बडोद्यातील काही सायकलस्वार आणि डिस्क गोल्फ खेळणारे